निषेध प्रायव्हेट लिमिटेड, लाइव्ह

“तो लाल कोट घाला ना दादा, प्लीज,” शर्विल म्हणाला. “तुमचा लग्नातला. खांद्यावर सोनेरी झुपके आहेत तो.”

पुण्यातल्या एका नाट्यगृहाच्या मेकअपच्या खोलीत आम्ही बसलो होतो. बाहेर रंगमंचावर माइक तपासणं चाललं होतं आणि आत शर्विल दांडेकर आरशासमोर उभा राहून केस विस्कटत होता. केस आपोआप विस्कटलेत असं वाटावं म्हणून त्याला रोज बराच वेळ लागायचा. अंगात फाटकी जीन्स. ती फाटकीच विकत घेतली होती, हे त्यानंच मला एकदा कौतुकानं सांगितलं होतं.

“कोट कशाला?” मी म्हणालो. “तुम्ही सगळे काळ्या शर्टात आहात. आम्हीही काळेच शर्ट आणलेत.”

“अरे, पण कोट कसा ऑथेंटिक वाटतो! एकदम मातीतला.”

“मातीतला म्हणजे मळका का?” अस्लमनं विचारलं.

शर्विल हसला. अस्लम काहीही बोलला की तो हसायचा, कारण गावाकडचा माणूस बोलला म्हणजे विनोद केला अशी त्याची समजूत होती. अस्लम सॅक्सोफोन वाजवायचा आणि मी, संपत आवळे, ट्रम्पेट. आम्ही दोघेही मूळचे नवजवान ब्रास बँड, पेठ वडगावचे. लग्नाचं बँडपथक. वरातीत पुढे नाचणारी माणसं, मागे घोड्यावर नवरदेव, आणि मध्ये आम्ही. शर्विल एका मित्राच्या लग्नाला कोल्हापूरला आला होता, तिथे आमचं वाजवणं ऐकून वेडापिसा झाला आणि वरात संपायच्या आत त्यानं माझा नंबर घेतला. त्याला पुण्यात एक बँड काढायचा होता. स्का-पंक.

हे स्का-पंक म्हणजे काय ते मला आधी कळेना. पुढे मी माझ्यापुरतं असं ठरवलं की पंक म्हणजे चिडलेल्या श्रीमंत पोरांचा आरडाओरडा आणि स्का म्हणजे त्यात घातलेला लग्नाचा बँड. गिटार उलट्या ठोक्यावर खरवडत राहते, गाणारा ओरडतो, आणि त्याचा दम संपला की ट्रम्पेट-सॅक्सोफोननं गाणं उचलायचं. मी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, “ही आपलीच चाल हाय की रं. नुसती घाईत हाय.”

बँडचं नाव निषेध प्रायव्हेट लिमिटेड. निषेध सगळ्याचाच होता. सरकारचा, बिल्डरांचा, मॉलचा, आईवडलांचाही. आईवडलांच्या बंगल्याच्या तळघरात सराव चालायचा आणि मध्येच वरून कोकम सरबत यायचं. पण खोटं कशाला बोलू, वाजवायला मजा येई. वरातीत वाजवताना कुणी ऐकत नाही, सगळे नाचतात. इथे माणसं समोर बसून ऐकत होती आणि मला त्याची चटक लागली होती. म्हणून दोन वर्षं मी आणि अस्लम एसटीनं पुण्याला हेलपाटे घालत होतो.

आणि आज लाइव्ह अल्बम ध्वनिमुद्रित होणार होता. म्हणजे स्टुडिओत तुकडे तुकडे जोडून केलेलं नव्हे, तर लोकांसमोर जे वाजेल ते जसंच्या तसं, चुका, टाळ्या, शिट्ट्या सगळ्यांसकट. “कच्चं आणि खरं,” असं शर्विल येईल त्याला सांगत होता.

“कोट घालतो,” मी म्हणालो. “पण एक काम करायचं.”

“बोला ना दादा.”

“तू मध्ये सगळ्यांची ओळख करून देतोस. ड्रम्सवर अमका, गिटारवर तमकी. त्यात आमचीही नावं घ्यायची. माझं आणि अस्लमचं. नीट, पूर्ण.”

“एवढंच? डन! डन डन डन.” त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि परत आरशाकडे वळला.

आजवर त्यानं आमची नावं कधीच घेतली नव्हती. ओळखीच्या वेळी आमच्याकडे हात करून नुसता “ब्रास!” म्हणून ओरडायचा. इतके दिवस मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण आज ध्वनिमुद्रण होतं, आणि तिसऱ्या रांगेत आबा येऊन बसणार होते.

आबांबद्दल थोडं सांगायला हवं. आबा पथकाचे मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी ट्रम्पेट वाजवलं. आमच्या पथकात एक हातगाडी असायची, तिच्यावर कर्णे आणि गाणाऱ्याचा माइक. त्या माइकवरून चाळीस वर्षं गावोगावच्या माणसांची नावं पुकारली गेली. अमक्या गावचे पाटील, तमक्या सोसायटीचे चेअरमन, नवरदेवाचे मामा, मामांचे साडू. ज्यानं ज्यानं हौस केली त्याचं नाव. आबा त्या कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून वाजवायचे आणि ती सगळी नावं त्यांच्या कानात जायची. त्यांना मात्र सगळे मास्तर म्हणायचे. गावात कुणाला विचारलं असतं की महादेव आवळे कुठे राहतो, तर निम्म्यांना सांगता आलं नसतं. “मला काय करायचंय नावाला?” असं आबा म्हणायचे, आणि ते इतक्या वेळा म्हणायचे की शेवटी माझ्या लक्षात आलं.

सकाळी पुण्याला येताना मी त्यांना सांगितलं होतं की आज माझं नाव घेतील आणि ते सीडीत कायमचं राहील. आबांनी नुसती मान हलवली. कराड गेलं, सातारा गेलं, तरी काही बोलले नाहीत. खंबाटकीच्या घाटात एसटी वळणं घ्यायला लागली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पुरं नाव घेणार का? बापाच्या नावासकट?”

“घ्यायला लावतो,” मी म्हणालो.

“न्हाई, सहज आपलं इचारलं.”

म्हणून तो कोट मी घातला. टेरिकॉटचा कोट, वर पिवळे दिवे. आरशात बघितलं तर मी कुणाच्या तरी मुंजीला आल्यासारखा दिसत होतो. अस्लमनं आपला कोट घातला आणि म्हणाला, “नावासाठी एवढं? मला तर माझं नाव घेतलं की वाटतं रेशन आलंय.”

“तुझंही घ्यायला सांगितलंय.”

“घेतलं तर घेतलं. न्हाई घेतलं तर मी काय मरतोय का?”

कार्यक्रम सुरू झाला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. जी माणसं होती त्यांत बँडचे नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी, आणि कोपऱ्यात उड्या मारणारी कॉलेजची पंधरा-वीस पोरं. शर्विलची आई पहिल्या रांगेत कानात कापसाचे बोळे घालून बसली होती आणि मुलगा व्यवस्थेला शिव्या देत होता तेव्हा प्रेमानं मान डोलवत होती. तिच्या मागे एक रांग सोडून आबा. पांढरा सदरा, पांढरी टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर.

वाजत होतं मात्र चांगलं. अगदी शर्विलचं गाणंसुद्धा त्या दिवशी सुराच्या आसपास होतं. एकेक गाणं होत गेलं आणि ओळखीची वेळ आली. त्या वेळी आम्ही दोघं एक छोटी तान धरायचो, चार वेळा वाजवायचो, मागे ड्रम्स हळू ठेवायचे, आणि तेवढ्यात शर्विल नावं घ्यायचा. मग लगेच पुढचं गाणं. पुढचं गाणं होतं ‘बेनाम’. शर्विलचं सगळ्यात लाडकं. गटारात उतरणारा, विटा वाहणारा, मांडव घालणारा, ज्यांची नावं कुणी विचारत नाही अशा माणसांवरचं. ते म्हणताना त्याचे डोळे भरून यायचे. प्रत्येक कार्यक्रमात, त्याच कडव्याला.

“ड्रम्सवर, माझा भाऊ, माझा जिगर, कैवल्य साने!” शर्विल ओरडला. कैवल्यनं ड्रम्स बडवले. “बेसवर, वन अँड ओन्ली, गार्गी लिमये!” गार्गीनं तारा छेडल्या. टाळ्या. “साउंडवर, आपला जादूगार, ओंकार पटवर्धन!” मागच्या बाजूला बसलेल्या त्या ओंकारनंसुद्धा हात वर केला. म्हणजे तो वाजवतही नव्हता, तरी त्याचं नाव झालं. मग शर्विल आमच्याकडे वळला. मी आबांकडे बघितलं. ते पुढे सरकून बसले होते.

“आणि हे आपले... ब्रास!”

झालं. तो प्रेक्षकांकडे वळला, माइक तोंडाशी नेला आणि ‘बेनाम’ सुरू करायच्या बेतात उभा राहिला. आमची तान चौथ्यांदा संपत होती.

आता आमच्या पथकाची एक रीत सांगतो. वरात मांडवाच्या दारात आली की मुलीकडच्यांनी मास्तरला मान द्यायचा. नारळ, टॉवेल, टोपी. फार काही नाही. पण गडबडीत किंवा मस्तीत कुणी विसरलं तर मास्तर तोंडानं मागत नाही. पथक दारात आडवं उभं राहतं आणि चाललेल्या गाण्याची शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. आधी माणसं खूश होतात, आपल्यासाठीच वाजवतायत म्हणून नाचतात. मग नाचून दमतात. नवरदेव घोड्यावर उन्हात, भटजी आत घड्याळ बघतोय, आणि ओळ काही संपत नाही. शेवटी कुणीतरी म्हातारा उठतो, कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, अरे, मास्तरचा मान राहिला. याला आम्ही मांडव धरणं म्हणतो.

मी पाचव्यांदा तान घेतली.

शर्विलनं मागे वळून बघितलं. मी सहाव्यांदा घेतली आणि दोन पावलं पुढे आलो. अस्लमकडे बघायचीही गरज पडली नाही. ज्याला नावाचं काहीच वाटत नव्हतं तो माझ्याही पुढे जाऊन उभा होता, शर्विलच्या आणि प्रेक्षकांच्या बरोबर मध्ये, गाल फुगवून. कोपऱ्यातल्या पोरांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ती नाचायला लागली. मग शेजारी उठले. मग नातेवाईक उठले. शर्विलच्या आईनं कानातला एक बोळा काढला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सभागृह खरोखर हललं, आणि ते कशानं हललं हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

शर्विलसुद्धा आधी नाचला. दात विचकून, दोन्ही हात वर करून. मग त्याचा दम संपला. तो नाचत नाचत माझ्याजवळ आला आणि माइक खाली धरून म्हणाला, “मस्त, मस्त. आता एंड करा.”

मी वाजवत राहिलो.

“दादा, एंड. रेकॉर्डिंग चालूय!”

अस्लमनं ओळ सांभाळली तेवढ्यात मी ट्रम्पेट ओठांवरून काढलं. “नाव,” मी म्हणालो.

“काय?”

“नाव घे. कबूल केलंयस.”

त्याला आठवलं. चेहऱ्यावर लगेच हसू आलं. अरे हो, एवढंच ना, असं. त्यानं माइक वर उचलला, माझ्याकडे हात केला, तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

त्याला माझं नाव माहीत नव्हतं.

दोन वर्षं. त्याच्या तळघरात मी जेवलो होतो. त्याच्या गाडीत मागच्या सीटवर झोपत सोलापूरला जाऊन आलो होतो. त्याच्या आजीच्या तेराव्याला सतरंज्या उचलल्या होत्या. आणि हा माणूस, ज्यांची नावं कुणी विचारत नाही अशांवर गाणं लिहून त्या गाण्यावर दर वेळी रडणारा, माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोक्यात काही म्हणजे काही येत नव्हतं. मी त्याच्या कपाळावरचा घाम बघितला. कीव नाही आली. एखाद्याच्या थोबाडीत मारायला हात उचलावा आणि त्यानं स्वतःच मारून घ्यावी, तसा मी नुसता बघत राहिलो.

“ट्रम्पेटवर...” तो म्हणाला. “ट्रम्पेटवर, आपले... दादा! आणि सॅक्सवर, आपले लाडके... चाचा!”

अस्लम तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शर्विलनं सुटकेचा श्वास टाकला. आणि तिसऱ्या रांगेत आबा उठून उभे राहिले.

मी म्हटलं ना, मास्तर मान मागत नाही. पण मान न मिळण्यापेक्षा वाईट म्हणजे कुणी नारळ अंगावर फेकल्यासारखा द्यावा. तसं झालं की मास्तर उजव्या हाताची मूठ वर करतो आणि खाली आणतो. त्या क्षणी सगळं बंद. मग नवरदेवानं मुक्या दारातून आत जायचं. आमच्याकडे लोक ती शांतता लेकराबाळांना सांगतात, की त्यांच्या लग्नात मास्तरनं वाजवायचं थांबवलं होतं.

आबांची मूठ वर गेली. लहानपणापासून त्या मुठीवर आमचे श्वास चालत आलेले. ती खाली आली आणि मी आणि अस्लम एका वेळी थांबलो.

बाकीचे गोंधळले. ड्रम्स दोन-चार ठोके रेंगाळून बंद पडले. आम्ही कोट काढले, नीट घड्या घातल्या, आणि विंगेत न जाता समोरच्या पायऱ्यांनी खाली उतरून आबांबरोबर दारातून बाहेर पडलो. मागे शर्विल “हे... हे आपले... थोडा ब्रेक” असं काहीतरी बरळत होता. मग त्यानं ‘बेनाम’ सुरू केलं. ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोन नाही. बाहेरच्या फाटकापर्यंत ते ऐकू येत होतं. मीठ नसलेली आमटी.

मला वाटलं आबा काही बोलतील. शिव्या देतील, निदान हसतील. ते स्वारगेटपर्यंत चालत आले आणि गाडीत बसल्यावर एकदाच म्हणाले, “त्येला ठावंच न्हवतं न्हवं?”

“न्हाई आबा.”

“ठावं असून घेतलं नसतं तर राग आला असता,” ते म्हणाले आणि टोपी डोळ्यांवर ओढून झोपले. झोपले नव्हते. टोपीखाली त्यांचे ओठ हलत होते.

मला त्या रात्रीइतका राग आयुष्यात कधी आला नाही. शर्विलचा आलाच, पण त्याच्याहून जास्त माझा आला, की मी त्या म्हाताऱ्या माणसाला एवढ्या लांब हे ऐकायला नेलं.

महिन्याभरानं शर्विलचा फोन आला.

“दादा, कसे आहात? एक छोटा इश्यू झालाय.”

अजून दादाच. छोटा इश्यू असा, की अल्बमची शेवटची पाच गाणी ब्रासशिवाय होती आणि ज्यांनी अल्बम काढायचा त्यांनी ती ऐकून हात झटकले होते. ब्रास नसलेलं स्का म्हणजे नुसता पंक, आणि तसले बँड गल्लोगल्ली. तेव्हा आम्ही पुण्याला यावं आणि स्टुडिओत त्या पाच गाण्यांवर वाजवून द्यावं.

“लाइव्ह अल्बम आहे ना?” मी म्हणालो.

“हो, म्हणजे फील लाइव्हच राहणार.”

“येतो. पण नाव घ्यायचं. माझं, संपत महादेव आवळे. आणि अस्लमचं, अस्लम दस्तगीर मुजावर. हेच्या हे, बापाच्या नावासकट. त्याशिवाय फुंकणार नाही.”

“अरे, डन!” तो म्हणाला. जराही अडखळला नाही, माफीही मागितली नाही. मी एवढं दातओठ खाऊन मागितलं आणि त्यानं ते पान पुढे केल्यासारखं देऊन टाकलं. मला त्याचाही राग आला.

दोन दिवसांनी दुपारी आम्ही स्टुडिओत पोहोचलो. काचेच्या पलीकडे तो जादूगार ओंकार बसला होता. आम्ही पाच गाणी वाजवली. चांगली वाजवली, वाईट वाजवायला मला येत नाही. मग शर्विल माइकसमोर उभा राहिला. बंद खोली, भिंतींना जाड स्पंज, समोर एक रिकामी खुर्ची आणि पाण्याची बाटली. त्यानं त्या खुर्चीकडे बघून हात वर केला आणि ओरडला, “पुणे! आवाज येऊ द्या!”

अस्लमला हसू आवरेना. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

“ट्रम्पेटवर, संपत महादेव आवळे!” शर्विल म्हणाला. मग थांबला. “यार, हे सातबाऱ्यासारखं वाटतंय. नुसतं संपत म्हणू? किंवा एस. आवळे? ते कूल आहे.”

“पूर्ण.”

“ओके, ओके. ट्रम्पेटवर, संपत महादेव आवाळे!”

“आवळे. ‘व’ला काना नाही.”

परत. आवळे बरोबर आलं तर महादेव खाली पडलं. महादेव उचललं तर संपत घाईत गेलं. काचेपलीकडून ओंकार म्हणाला, “थोडी एनर्जी कमी पडतेय. भाऊ असल्यासारखा म्हण.” मग त्यानं भाऊ असल्यासारखं म्हटलं. मग जिगर असल्यासारखं. माझ्या बापाचं नाव त्या स्पंजाच्या खोलीत एवढ्या वेळा घेतलं गेलं की ते नाव आहे हेच मी विसरायला लागलो. मला किळस आली. वाटलं, ट्रम्पेट उचलावं आणि चालू लागावं. पण खंबाटकीचा घाट आठवला आणि बसून राहिलो.

शेवटी एकदा ते जमलं. “हां, आता लाइव्ह वाटतंय!” ओंकार म्हणाला.

मग त्यानं टाळ्या घातल्या. सभागृहातल्या खऱ्या टाळ्या फारच किरकोळ निघाल्या होत्या म्हणे. त्यानं कुठूनतरी एक गर्दी काढली आणि माझ्या नावाखाली सरकवली. हजारो माणसं गरजली. शिट्ट्या, आरोळ्या, मध्येच एक ढोल.

“ही कुणाची माणसं?” मी विचारलं.

“एका आमदाराच्या वाढदिवसाची,” ओंकार म्हणाला. “आमच्याच कंपनीचं साउंड होतं. भारी क्राउड आहे ना?”

“भारी!” शर्विल म्हणाला. व्यवस्थेचा निषेध करणारा अल्बम, आणि त्याला टाळ्या आमदाराच्या वाढदिवसाच्या. त्याला यात काहीही विचित्र वाटलं नाही. तो डोळे मिटून ती गर्दी ऐकत होता.

अल्बम निघाला. लोकांना आवडला. एका इंग्रजी पेपरात छापून आलं की अशी कच्ची, खरी ऊर्जा आजकाल ऐकायला मिळत नाही. शर्विलनं मुलाखतीत सांगितलं की आपल्या बँडची नाळ ग्रामीण महाराष्ट्राशी जोडलेली आहे. पुढे वर्षभरात बँड मोडला. शर्विल आता जाहिराती करतो, एका फ्लॅटच्या जाहिरातीत मागे आमचीच ट्रम्पेटची ओळ मी परवा ऐकली. असो. त्याची गोष्ट मला सांगायची नाही.

सीडी आली ती घेऊन मी पथकाच्या गाळ्यात गेलो. आबा एकटेच होते, पितळी वाद्यांना पॉलिश लावत. मी ठरवून गेलो होतो की ऐकवायचं आणि मग सगळं खरं काय ते सांगायचं. मला मनातून वाटत होतं की त्यांनी परत मूठ वर करावी. त्या अल्बमला, शर्विलला, त्या दिवसाला, एकदाच कायमचं बंद करावं.

मी सीडी लावली आणि ती जागा काढली.

“ट्रम्पेटवर, संपत महादेव आवळे!” आणि हजारो माणसं गरजली.

आबांचा हात वाद्यावर थांबला. ते पूर्ण ऐकेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, “त्या दिशी तर निम्म्या खुर्च्या मोकळ्या हुत्या.”

मी सगळं सांगितलं. स्टुडिओ, स्पंजाची खोली, रिकामी खुर्ची, किती वेळा म्हणून घ्यावं लागलं, आमदाराचा वाढदिवस. काही लपवलं नाही. सांगताना माझा आवाज चढला. त्या माणसाला आजही तुमचं नाव आठवणार नाही, असंसुद्धा म्हणालो. आबा खाली मान घालून ऐकत होते, बोटांवरचं काळं पॉलिश फडक्याला पुसत.

“म्हंजी समदं खोटंच,” ते म्हणाले.

“समदं खोटं, आबा.”

“माणसं बी खोटी, टाळ्या बी खोट्या.”

“व्हय.”

त्यांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

“पर नाव तर माझंच हाय न्हवं?”

मी नुसती मान हलवली.

“मग परत लाव,” आबा म्हणाले. “आणि दार उघड. आवाज वाढीव जरा, रस्त्यापत्तुर जाऊ दे.”

मी दार उघडलं आणि आवाज वाढवला.